‘तंत्रनिकेतन’ म्हणजे शाळा की महाविद्यालय?

प्रश्न : माझी मुलगी दहावीनंतर अभियांत्रिकी पदविकेसाठी शासकीय तंत्रनिकेतनात शिकते आहे. घरी सगळे ‘पॉलिटेक्निक’ म्हणतात, काही कागदांवर मात्र ‘तंत्रनिकेतन महाविद्यालय’ असे लिहिलेले आढळते. या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो कसा वापरावा?

उत्तर : ‘निकेतन’ म्हणजे घर, निवासस्थान. ‘तंत्र’ या शब्दाचा प्रवास अधिक रंजक आहे. ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरवणे या धातूपासून तो आला असून माग आणि मागावरचा ताणा हे त्याचे संस्कृतातील जुने अर्थ आहेत. आपला ‘तंतू’ही त्याच धातूचा. धाग्यांच्या शिस्तबद्ध मांडणीवरून हा शब्द कोणत्याही कामाच्या पद्धतशीर रीतीपर्यंत पोहोचला. हातांनी करायच्या कामामागचे शास्त्र जिथे शिकवले जाते, त्या जागेसाठी विणकराच्या मागाशी नाते सांगणारा शब्द लाभावा, हे मला फार समर्पक वाटते.

‘पॉलिटेक्निक’ हे नाव युरोपातून आले. ग्रीक भाषेत ‘पॉली’ म्हणजे अनेक आणि ‘टेक्ने’ म्हणजे कला किंवा कौशल्य. पॅरिसमध्ये १७९४ साली स्थापन झालेल्या संस्थेला पुढच्याच वर्षी ‘एकोल पॉलितेक्निक’ हे नाव मिळाले. हिंदीत या शब्दाचे ‘बहुतकनीकी’ असे शब्दशः भाषांतर झाले. मराठीने मात्र ‘अनेक’ हा अंश सोडून दिला आणि संस्थेला घराची उपमा दिली. अर्थाचा थोडा भाग यात सुटला हे खरे, पण जो शब्द मिळाला तो उच्चाराला सोपा आणि कानाला गोड आहे.

आता आपल्या मुख्य शंकेविषयी. दहावीनंतरचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम शिकवणारी ही संस्था माध्यमिक शाळा नव्हे आणि पदवी देणारे महाविद्यालयही नव्हे. पदविका मिळवलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, यावरून तिचे मधले स्थान ध्यानात येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजेच आयटीआय, ही आणखी वेगळी. तिथे एखाद्या व्यवसायाचे प्रत्यक्ष कौशल्य शिकवण्यावर भर असतो. ‘निकेतन’ या शब्दातच संस्थेचा बोध होत असल्यामुळे त्यापुढे ‘महाविद्यालय’ जोडण्याची गरज नाही. तसे जोडण्यामागे केवळ ‘तंत्रनिकेतन’ म्हटले तर संस्था कमी दर्जाची वाटेल अशी भीती असावी, आणि ती भीती मला मनापासून खटकते, कारण कारखान्यांपासून बांधकामांपर्यंत असंख्य ठिकाणी पदविकाधारकच प्रत्यक्ष काम पेलत असतात.

बोलताना ‘पॉलिटेक्निकला आहे’ किंवा ‘डिप्लोमा करते आहे’ असे म्हणण्यात काहीच गैर नाही; ते शब्द आता मराठीतच रुळले आहेत. लेखनात मात्र ‘तंत्रनिकेतन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे लक्षात ठेवावे : ‘ते तंत्रनिकेतन’, अनेकवचनी ‘ती तंत्रनिकेतने’. विभक्तिप्रत्यय लागताना ‘तंत्रनिकेतनला’ असे न लिहिता ‘तंत्रनिकेतनाला’, ‘तंत्रनिकेतनाचा’ अशी रूपे योजावीत. अर्जात शैक्षणिक संस्थेच्या रकान्यात ‘शासकीय तंत्रनिकेतन’ आणि त्यापुढे गावाचे नाव एवढे लिहिणे पुरेसे आहे.