फॉर लूपमध्ये जोडलेले प्रत्येक बटण शेवटचाच आकडा का दाखवते?

तुमच्या वेबपानावर पाच बटणे आहेत, जावास्क्रिप्टच्या फॉर लूपमध्ये ‘व्हार’ वापरून ‘आय’ हे व्हेरिएबल घोषित केले आहे आणि त्याच लूपमध्ये प्रत्येक बटणाला क्लिकचे फंक्शन जोडले आहे. तरीही कोणतेही बटण दाबले की अलर्टमध्ये ५ च येतो, अशी तुमची अडचण आहे.

जावास्क्रिप्टमधील क्लोजर, म्हणजे बाहेरचे व्हेरिएबल वापरणारे फंक्शन, व्हेरिएबलची त्या क्षणाची किंमत टिपून ठेवत नाही, ते व्हेरिएबलच धरून ठेवते. ‘व्हार’चा स्कोप (व्हेरिएबल जिथवर वापरता येते तो भाग) पूर्ण फंक्शनभर असतो, लूपच्या महिरपी कंसापुरता नसतो, त्यामुळे लूप पाच वेळा फिरला तरी ‘आय’ एकच राहतो आणि पाचही फंक्शने त्याच एका ‘आय’कडे पाहतात. शेवटच्या फेरीनंतर ‘आय’ ५ होतो, ‘आय ५ पेक्षा लहान’ ही अट खोटी ठरते आणि लूप थांबतो, म्हणून तुम्हाला ४ नव्हे तर ५ दिसतो. अलर्टऐवजी तुम्ही बटणांच्या यादीतून ‘आय’ क्रमांकाचे बटण मागितले असते, तर मोजणी शून्यापासून असल्याने ५ या क्रमांकावर काहीच नसते आणि ‘अनडिफाइन्ड’ (किंमत नाही) हाती आले असते. अनेक जण अशा वेळी सगळा दोष क्लिक उशिरा होण्यावर टाकतात. उशीर आहे हे खरे, पण त्याने बिंग फुटते एवढेच. व्हेरिएबल मुळात किती तयार झाले, हे आधी तपासावे.

२०१५ च्या एक्मास्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचे प्रमाणित रूप) आवृत्तीत व्हेरिएबल घोषित करण्यासाठी ‘लेट’ आले आणि हा प्रश्न बहुतांशी मिटला. फॉर लूपच्या कंसात ‘लेट’ने घोषित केलेला ‘आय’ प्रत्येक फेरीला नवा तयार होतो. आधीच्या फेरीतील किंमत त्यात उतरवली जाते आणि मगच ती एकने वाढते, त्यामुळे आधीच्या फेरीतील फंक्शनने धरलेल्या ‘आय’ला धक्का लागत नाही. मात्र ‘लेट आय’ ही घोषणा लूपच्या वर, वेगळ्या ओळीवर केली, तर पुन्हा एकच व्हेरिएबल उरते आणि ५ परत येतो. कोड नीटनेटका करण्याच्या नादात नेमके हेच घडते.

जुन्या कोडमध्ये लूपच्या आत फंक्शन लिहून ते तिथल्या तिथे चालवलेले आणि ‘आय’ त्याला पॅरामीटर म्हणून दिलेला आढळेल. दर वेळी नवा पॅरामीटर तयार होत असल्याने ती युक्ती आजही अचूक चालते; चालू असेल तर तिला हात लावू नये. इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला ‘लेट’ कळते, पण फॉर लूपमध्ये तो दर फेरीला नवे व्हेरिएबल करत नाही, त्यामुळे तो ब्राउझर सांभाळायचा असेल तर ही युक्ती किंवा प्रत्येक घटकासाठी फंक्शन चालवणारे अ‍ॅरेचे ‘फॉरईच’ वापरावे.

नव्या कोडमध्ये मी स्वतः ‘फॉर-ऑफ’ (यादीतील एकेक घटक देणारा लूप) आणि ‘कॉन्स्ट’ (किंमत पुन्हा न बदलता येणारी घोषणा) पसंत करेन, कारण तेथे बटण थेट हाती येते आणि क्रमांकाची गरजही बहुधा उरत नाही. नेहमीच्या फॉर लूपमध्ये मात्र ‘कॉन्स्ट’ चालणार नाही. पहिल्या फेरीनंतर ‘आय’ वाढवताना टाइपएरर ही चूक येईल.