'वालिदो'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: स्पेनच्या इतिहासात लेर्माच्या ड्यूकला 'वालिदो' म्हटलेलं आढळतं, मराठीत 'पंतप्रधान' लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. पंतप्रधान हे पद आहे, आणि वालिदो हे पदच नव्हतं. (स्पॅनिश कानाला तो 'बालीदो' ऐकू येतो, पण लिपीनुसार 'वालिदो' लिहायला हरकत नाही.) शब्दाच्या मुळाशी उपयोगी पडणं, आधार होणं हा अर्थ आहे, राजा ज्याच्या आधाराने कारभार चालवतो तो वालिदो. त्याआधीचा शब्द 'प्रिवादो', म्हणजे राजाच्या खासगीतला.

मराठीत 'मर्जीतला' हा शब्द तयारच आहे, पण तो एकटा तोकडा पडतो. मर्जीतला माणूस एखादा गवईही असू शकतो. लेर्माच्या हातात राज्य होतं. तिसरा फिलिप 1598 मध्ये गादीवर आला आणि त्याने सगळं याच्यावर सोपवलं. 1601 मध्ये लेर्माने दरबार माद्रिदहून वायादोलिदला हलवला. तिथे त्याने आधीच मिळकती घेऊन ठेवल्या होत्या! 1606 मध्ये दरबार माद्रिदला परतला, त्यातही त्याने हात धुऊन घेतले. 1612 मध्ये तर राजाने राज्यकारभाराच्या मंडळांना फर्मावलं की लेर्माचा हुकूम माझाच समजा. इथे 'मुखत्यार' शब्द नेमका बसतो. म्हणून पहिल्या उल्लेखाला 'राजाच्या मर्जीतला मुखत्यार' आणि पुढे नुसतं 'वालिदो' लिहावं.

'मर्जी' ठेवायचीच, कारण पतनासाठी आपल्याकडे 'खप्पामर्जी' आहे, आणि लेर्माचं झालं ते हेच. खटला नाही, राजीनामा नाही. राजाचा कन्फेसर (पापांची कबुली ऐकणारा धर्मगुरू) आल्यागा, ज्याला लेर्मानेच तिथे बसवलं होतं, तो आणि लेर्माचा सख्खा मुलगा उसेदा, दोघे उलटले. चाहूल लागताच लेर्माने पोपकडून कार्डिनलपद, म्हणजे चर्चमधलं लाल झग्याचं वरचं पद, मिळवलं. 1618 च्या ऑक्टोबरमध्ये त्याला दरबार सोडावा लागला आणि त्याची जागा मुलाने घेतली. तेव्हा लोकांत एक कवन फिरत होतं: फाशी चुकवायला स्पेनमधल्या सर्वांत मोठ्या चोराने लाल कपडे चढवले.

असा वाचवणारा झगा ज्याच्याकडे नव्हता तो लेर्माचा उजवा हात, रोद्रीगो काल्देरोन. 1621 मध्ये माद्रिदच्या भर चौकात त्याचा गळा चिरला गेला. तो इतक्या ताठ मानेने मरणाला सामोरा गेला की 'फासावरच्या डॉन रोद्रीगोहून गर्विष्ठ' ही म्हण पडली. फास नव्हताच, पण म्हणीला कोण विचारतो!

'वालिदो' हा शब्द पुढे चौथ्या फिलिपचा कारभार पाहणाऱ्या ओलिवारेसला लावताना मात्र थोडं जपून. अधिकार तसाच होता, पण त्याला स्वतःला वालिदो म्हणवून घेणं आवडत नसे, 'मंत्री' म्हणवून घेणं पसंत होतं. त्याच्या तोंडचं वाक्य असेल तर 'मंत्री', त्याच्या विरोधकांचं असेल तर 'मर्जीतला'.