मधमाशीचे वय मोजण्यापूर्वी

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. दहा आणि चाळीस दिवसांच्या कामकरी माश्यांच्या मेदपिंडातील (पोटातल्या, चरबी साठवणाऱ्या अवयवातील) एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू, मोजायचा आणि जो फरक दिसेल तो वार्धक्याचा मानायचा, असे तू लिहिले आहेस. माझा आक्षेप या मानण्याला आहे. दहा दिवसांची माशी पोळ्यात अळ्यांना भरवत असते आणि साधारण तीन आठवड्यांनी मकरंदासाठी बाहेर पडू लागते. म्हणजे तुझ्या दोन गटांत वयाबरोबर कामही बदललेले आहे. त्यात उडणे हे काम भलतेच खर्चिक. पंख सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा हलवणारे छातीचे स्नायू जवळजवळ संपूर्णपणे साखरेवर चालतात आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन प्राणिसृष्टीत क्वचितच कुणाला लागत असेल. बाहेर पडणारी माशी एकूण सुमारे ८०० किलोमीटर उडून झाल्यावर मरते, मग ते अंतर थोड्या दिवसांत कापलेले असो वा जास्त, असा निष्कर्ष १९८२ मध्येच प्रसिद्ध झाला आहे.

उन्हाळ्यातली युरोपीय कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते, हिवाळ्याच्या तोंडावर जन्मलेली कित्येक महिने, तर तशाच अंड्यातून निघून राजान्नावर (दाई माश्यांच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या खास अन्नावर) वाढलेली राणी दोन-तीन वर्षे. तैवानमधील संशोधकांना म्हाताऱ्या कामकरी माश्यांच्या मेदपिंडात ऊर्जानिर्मिती मंदावलेली आढळली, म्हाताऱ्या राणीत मात्र ती टिकून होती. ही तुलना मोहात पाडणारी आहे खरी, पण राणी मकरंदासाठी उडत नाही आणि तिला आयते भरवले जाते, हेही ध्यानात ठेव.

म्हणून आधी एकाच वयाची वसाहत तयार कर. आत कोष असलेल्या, झाकलेल्या घरांच्या फण्या ३४ अंशांवर उबवणीयंत्रात ठेव; बाहेर येणाऱ्या माश्या करड्या, लवदार आणि मऊ असतात, त्यांना अजून नांगी मारता येत नाही, तेव्हाच पाठीवर रंगाचा ठिपका दे. अशा हजारभर माश्या आणि एक राणी एकत्र ठेवलीस की वयाने मोठ्या माश्या नसल्यामुळे काही जणी आठवड्याभरातच बाहेर पडू लागतात आणि त्यांच्याच वयाच्या इतर जणी दाईपण करत राहतात. वय एक, कामे दोन. तुला हवी असलेली तुलना ती हीच.

माशी दारात पकडताच द्रव नायट्रोजनमध्ये टाक, कारण विच्छेदनाला लागणाऱ्या वेळात एटीपी घसरतो आणि तुझ्या संथ हाताचा परिणाम माशीच्या नावावर चढतो. बाहेर जाणाऱ्या माशीचा मेदपिंड आक्रसलेला असतो, तेव्हा एटीपी प्रथिनांच्या प्रमाणात आणि प्रत्येक माशीमागे असा दोन्ही प्रकारे मांड.

सातेरीवर, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाशीवर, काम करण्याची तुझी इच्छा मला आवडली, पण वर दिलेले आकडे युरोपीय माशीचे, म्हणजे मेलिफेराचे, आहेत. शिवाय वरचेवर छेडले तर सातेरी पेटी सोडून निघून जाते, आणि ठिपके दिलेल्या माश्याही तिच्याबरोबर जातात. पहिला हंगाम मेलिफेरावर काढ.