हानलेला लाल, नॉर्वेत हिरवा, आणि मोरजीत?

मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेला आकाश लाल दिसलं, नॉर्वेच्या फोटोंत मात्र हिरवं, असं का? आणि तेव्हाच तुमच्या भाच्यानं गोव्यातल्या मोरजीहून काढलेल्या फोटोत समुद्रावर हिरवट पट्टी आलीय ती अरोराच (ध्रुवांकडे रात्री आकाशात दिसणारा रंगीत उजेड) का? पट्टीचं शेवटी सांगतो.

सूर्याचे कण थेट येऊन हवेवर आदळतात असं सगळीकडे लिहितात ते अर्धवट आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रात्रीच्या बाजूला शेपटीसारखं लांब गेलेलं असतं, सौरवाऱ्यानं (सूर्याकडून सतत येणाऱ्या कणांच्या झोतानं) ते ताणतं, तुटतं, परत जुळतं आणि त्या झटक्यात इलेक्ट्रॉन ध्रुवांच्या बाजूला फेकले जातात. ते वरच्या हवेत घुसून ऑक्सिजनच्या अणूंना ऊर्जा देतात, आणि अणू ती प्रकाश म्हणून सोडतात.

खरी गंमत वेळेची. हिरव्यासाठी अणूला पाऊणेक सेकंद पुरतो, लालसाठी जवळजवळ दोन मिनिटं लागतात. आता शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात दोन मिनिटं एका जागी उभे राहून बघा, कोणी ना कोणी धक्का मारणारच! १०० किमी उंचीवरची हवा आपल्यासाठी पोकळीच, पण अणूसाठी तसलीच गर्दी, लाल सुटायच्या आधीच टक्कर होऊन ऊर्जा जाते. २०० किमीच्या वर मोकळं असतं, म्हणून लाल वर आणि हिरवा खाली.

पृथ्वी गोल, त्यामुळे लांबून फक्त वरचं टोक दिसतं. १०० किमीवरचा उजेड साधारण ११०० किमीपर्यंत दिसेल, ३०० किमीवरचा १९०० पर्यंत. हानलेतून हिरवा भाग क्षितिजाखाली राहिला, लाल तेवढा वर आला. तोही कॅमेऱ्यात जास्त खुलतो, डोळ्यांना फिकटच.

गोव्यातून अशक्यच असं नाही म्हणणार, ४ फेब्रुवारी १८७२ च्या सौर वादळात मुंबईतून अरोरा दिसल्याची नोंद आहे. पण दिसला तर लाल, आणि उत्तरेला. हिरवा दिसायला अरोरा राजस्थानवर यायला हवा. (बघायचाच असेल तर वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून मैत्री किंवा भारती या अंटार्क्टिकातल्या भारतीय तळांवर जाऊन हिवाळा काढलेल्या कोणाला तरी गाठा, तिथला अरोरा त्यांनी डोक्यावर पाहिलेला असतो.)

आता पट्टी. हिरवी, आणि मोरजीचा समुद्र पश्चिमेला. दोन्हीकडून बाद. मला तरी ते बोटींचे एलईडी दिवे वाटतात, वर नाइट मोडची कृपा.