नेतृत्व प्रशिक्षणात दोघं-तिघंच बोलतात, बाकीचा गट गप्प राहतो. काय करावं?

प्रश्न थेट सगळ्या गटाला विचारला की जो आधीच बोलका आहे तोच उत्तर देणार. म्हणून आधी २ मिनिटं प्रत्येकाने एकट्याने कागदावर लिहायचं, मग ४ मिनिटं जोडीत बोलायचं आणि त्यानंतरच सगळ्यांसमोर मांडायचं. हातात लिहिलेलं असलं की अबोल माणसालाही आधार मिळतो.

सरावासाठी तिघातिघांचे गट करा: एक नेता, एक सहकारी, एक निरीक्षक. प्रसंग त्यांच्याच कामातला घ्या, उदाहरणार्थ काम सतत उशिरा देणाऱ्या सहकाऱ्याशी बोलणं. ६ मिनिटं संवाद, ४ मिनिटं अभिप्राय, मग भूमिका बदला. तीन फेऱ्यांना अर्धा तास लागतो. निरीक्षकाने 'छान बोललास' एवढ्यावर थांबू नये. नेमके कोणते शब्द वापरले आणि समोरच्यावर त्याचा काय परिणाम दिसला, ते सांगावं. वरिष्ठ आणि त्यांच्याच हाताखालची माणसं एका तिकडीत बसवू नका, खरं कोणीच बोलत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सरावानंतरच्या सगळ्या गटाच्या चर्चेत घाई केल्याने. एखादा सराव किंवा खेळ २० मिनिटांचा असेल तर चर्चेलाही किमान तेवढा वेळ हवाच. काय घडलं, का घडलं, उद्या कामावर काय वेगळं करणार, याच क्रमाने विचारा. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. शांतता सहन न होऊन प्रशिक्षकानेच उत्तर दिलं, की गट पुढच्या वेळीही त्याचीच वाट पाहतो.

उठण्यापूर्वी प्रत्येकाकडून एकच कृती तारखेसह लिहून घ्या आणि ३ आठवड्यांनी तासभर पुन्हा भेटा.