विंडोज नव्याने टाकण्याआधी गेम्स जसेच्या तसे कसे वाचवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप फॉर्मेट करायचाय, स्टीम आणि एपिक या गेम विकणाऱ्या ॲप्सचे मिळून ३०० जीबी गेम्स आहेत, घरचं नेट ४० एमबीपीएसचं. गेमचा फोल्डर कॉपी करून नंतर परत ठेवला तर चालतो का?

चालतो. पण त्याआधी सेव्ह फाइल्स, म्हणजे तुम्ही कुठवर खेळलात त्याची नोंद, कुठे आहेत ते बघून घ्या. गेम पुन्हा डाउनलोड होईल, तुमच्या नेटवर सतरा-एक तास लागतील एवढंच. खेळलेलं मात्र कुठूनही डाउनलोड होत नाही.

हे मी इतकं ठासून का सांगतोय, तर आमच्याकडे घडलंय. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. धाकटी बहीण स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम खेळायची. गेम जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवरून घेतलेला, साध्या इन्स्टॉलरनं डी ड्राइव्हवर टाकलेला, त्यामुळे क्लाउड, म्हणजे नेटवर सेव्हची प्रत, वगैरे काही नव्हतं. तिच्या शेताचं तिसरं वर्ष चालू होतं, आणि गोठ्यातल्या गायीचं नाव तिनं आजीच्या गायीवरून कपिला ठेवलं होतं. लॅपटॉप अडकायला लागला म्हणून मी तो दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, ‘भिया, सी उड़ा रिया हूँ, डी को हाथ नी लगाऊँगा।’ मी हो म्हटलं, कारण गेम तर डीवर होता. घरी आल्यावर गेम लगेच सुरू झाला. बहिणीनं ‘लोड’ दाबलं, तर यादी रिकामी. ती एवढंच म्हणाली, ‘दादा, कपिला?’ सेव्ह सी ड्राइव्हवर होती, हे मला त्या दिवशी कळलं.

गेम कुठेही टाका, बहुतेक गेम्स सेव्ह ठेवतात ती विंडोजच्या तुमच्या युजर फोल्डरमध्ये, आणि तिथेही एकच ठरलेली जागा नाही. विचर ३ ची सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये असते. स्टारड्यूची ॲपडेटामधल्या रोमिंगमध्ये, हॉलो नाइटची लोकललो-मध्ये. एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन युजर फोल्डरात थेट ‘गेम्स’ नावाचा फोल्डर करते. ॲपडेटा लपवलेला असतो, म्हणून एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स चालू करा. स्टीमच्या स्वतःच्या फोल्डरात ‘युजरडेटा’ असतो, तोही घ्या. पीसीगेमिंगविकी या साइटवर प्रत्येक गेमच्या पानावर सेव्हची जागा दिलेली असते. एकेक शोधायचा कंटाळा असेल तर लुडुसावी हे मोफत सॉफ्टवेअर स्वतःच शोधून सगळ्या सेव्ह एका फोल्डरात जमा करतं. मी आता तेच वापरतो. बहुतेक गेम्सच्या सेव्ह काही एमबींच्या असतात, साध्या पेन ड्राइव्हवर मावतात.

स्टीम क्लाउड आहेच, पण सगळे गेम्स ते वापरत नाहीत. लायब्ररीत गेमच्या पानावर क्लाउडची खूण आहे का, ते बघा.

आता गेम्स. आधी स्टीम पूर्ण बंद करा, खाली घड्याळाजवळच्या आयकॉनवरूनसुद्धा. स्टीमच्या ‘स्टीमॲप्स’ फोल्डरात ‘कॉमन’ आहे, त्यात प्रत्येक गेमचा फोल्डर. तेवढाच उचलू नका. ‘स्टीमॲप्स’मध्येच ‘ॲपमॅनिफेस्ट’ने सुरू होणाऱ्या आणि पुढे आकडा असलेल्या छोट्या फाइल्स दिसतील, त्याही घ्या. कुठला गेम कुठल्या फोल्डरात आहे, हे स्टीमला त्यांवरूनच कळतं. विंडोज झाल्यावर स्टीम टाका, बंद करा, दोन्ही गोष्टी होत्या त्याच जागी ठेवा, मग उघडा. गेम इन्स्टॉल झालेला दिसेल. त्यानंतर गेमच्या प्रॉपर्टीजमधून फाइल्स व्हेरिफाय करून घ्या, खराब झालेल्या तेवढ्याच पुन्हा उतरतात. स्टीममध्ये बॅकअपची स्वतःची सोयही आहे, पण ती सेव्ह घेत नाही.

गेम्स वेगळ्या पार्टिशनवर असतील आणि ते पार्टिशन पुसलं जाणार नसेल, तर कॉपी करायचीही गरज नाही. नव्या स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन तो ड्राइव्ह जोडा.

एपिकचं जरा किचकट आहे. लाँचरला, म्हणजे एपिकच्या ॲपला, जुना फोल्डर आपोआप ओळखता येत नाही. म्हणून बॅकअप बाहेर ठेवून त्याच गेमचं इन्स्टॉल सुरू करायचं, एक-दोन टक्के झालं की थांबवून लाँचर बंद करायचा, नव्या फोल्डरात जुन्या फाइल्स टाकायच्या आणि इन्स्टॉल पुढे चालू करायचं. तो फाइल्स तपासतो आणि कमी असेल तेवढंच उतरवतो. जीओजीचे गेम्स असतील तर फोल्डरऐवजी ऑफलाइन इन्स्टॉलरच जपून ठेवा.

बॅकअपची डिस्क एफएटी३२ नसावी. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि हल्लीच्या गेम्समध्ये तशा फाइल्स सर्रास असतात. एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवं. यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी देत असेल, तर ३०० जीबी तासाभराच्या आत होतात.

परत ठेवताना गेम एकदा चालवून बंद करा म्हणजे त्याचा सेव्हचा फोल्डर तयार होईल, मग जुनी सेव्ह त्यात टाका. विंडोजमध्ये युजरचं नाव बदललं असेल तर नव्या नावाच्या फोल्डरात टाका. स्टीमनं ‘क्लाउडवरची ठेवू की इथली?’ असं विचारलं, तर घाईत काही दाबू नका, दोन्हींच्या तारखा आणि वेळ वाचा. नुकत्याच उघडलेल्या रिकाम्या गेमची तारीख नवी दिसते, आणि ती निवडली तर जुनी सेव्ह क्लाउडवरूनही जाते. प्रत्येक गेममध्ये जुनी सेव्ह लोड होऊन तुम्ही होतात तिथेच उभे आहात हे दिसेपर्यंत बॅकअपच्या डिस्कवरचं काहीही पुसू नका.