कयाक उलटून झालेली इजा आणि दोन वर्षांची मुदत

भंडारदऱ्याच्या जलाशयात कयाक उलटली, उजवा खांदा निखळला, जवळच्या सरकारी दवाखान्यात तो त्याच दिवशी बसवला गेला आणि त्यानंतर तो आणखी तीन वेळा निखळला, अशी हकीकत नाशिकच्या एका शिक्षिकेने कळवली आहे. आता फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत त्यांचा हात जात नाही. सात महिन्यांपूर्वीच्या एमआरआयमध्ये सांध्याच्या खोबणीची कड फाटल्याचे दिसले असून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे. कयाकमध्ये बसण्यापूर्वी आयोजकाने ‘सर्व जबाबदारी माझी’ अशा फॉर्मवर सही घेतली होती. या सहीमुळे भरपाईचा हक्क गेला काय, आणि शस्त्रक्रियेनंतर एकूण खर्च कळल्यावर तक्रार केली तर चालेल काय, असे त्यांनी विचारले आहे.

जलक्रीडेत जखमी झालेले बहुतेक लोक त्या फॉर्मबद्दलच विचारतात. ती सही आयोजकाला निष्काळजीपणातून आपोआप मोकळे करत नाही. लाइफ जॅकेट, बसण्यापूर्वीच्या सूचना, वारा वाढल्यावर घेतलेला निर्णय आणि मदतीची बोट यांबाबत पुरावा काय सांगतो, यावर पुढचे ठरेल आणि त्याविषयी मी आज खात्री देणार नाही. आपले प्रकरण निर्णायक ठरते ते दुसऱ्या प्रश्नावर, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. आपल्या पत्रातील तारखेप्रमाणे ही मुदत संपण्यास 19 दिवस उरले आहेत. आठ महिन्यांपूर्वी आपण स्वतः नोटीस पाठवली आणि ‘विमा कंपनीकडून होईल’ या आयोजकाच्या उत्तरावर विसंबून राहिलात. नोटीस पाठवल्याने किंवा पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत वाढत नाही. हे आपण त्याच वेळी कोणत्याही वकिलाला विचारले असते, तर आज ही धावपळ करावी लागली नसती.

मुदत एमआरआयच्या दिवसापासून मोजावी, असे आपल्या एका नातेवाइकाने सुचवले आहे. त्यावर अवलंबून राहू नका. रुग्णाला इजा कळली तेव्हापासून किंवा योग्य दक्षता घेतली असती तर कळू शकली असती तेव्हापासून मुदत धरावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या एका निकालात विचारात घेतले होते. तरीही 1993 च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेले गॉझ 2002 मध्ये सापडलेल्या त्या रुग्णाची तक्रार मुदतबाह्य ठरली, कारण वेदना सुरुवातीपासून असूनही तिने वर्षानुवर्षे चौकशी केली नव्हती. आपला खांदा तर अपघाताच्या दिवशीच डॉक्टरांनी बसवला होता, म्हणजे इजा आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. एमआरआयने तिची खोली तेवढी दाखवली. पुरेसे कारण दिल्यास ग्राहक आयोग, म्हणजे या कायद्याखालील तक्रारी ऐकणारी यंत्रणा, विलंब माफ करू शकतो, परंतु ‘उपचार चालू होते’ हे कारण दरवेळी मान्य होत नाही. दिवाणी दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत असल्याचा युक्तिवाद करता येईल, मात्र तेथे मुदत चुकली तर विलंब माफीची सोयच नाही, आणि निकालास लागणारी वर्षे आपण नाशिकमध्ये राहून पाहतच असाल.

एकूण खर्च कळेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. एकदा कड फाटली की सांधा सैल राहू शकतो, पुन्हा पुन्हा निखळू शकतो, प्रत्येक वेळी कूर्चेची झीज होऊ शकते आणि पुढे सांध्याचा कायमचा विकार जडू शकतो. म्हणूनच भविष्यातील शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी, रजेमुळे बुडालेला पगार आणि कायमची मर्यादा या सर्वांची मागणी याच तक्रारीत करा, कारण उरलेली मागणी नंतर स्वतंत्रपणे करू दिली जाईल याची शाश्वती नाही. पहिल्या निखळण्याचा आजच्या अवस्थेशी असलेला संबंध अस्थिरोगतज्ज्ञांकडून स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. नुसत्या बिलांच्या गठ्ठ्यातून तो सिद्ध होत नाही. अपंगत्वाच्या टक्केवारीचा दाखला मिळण्यास वेळ लागणार असेल, तर तो नंतर दाखल करण्याची परवानगी मागता येते.

आपण नाशिकच्या रहिवासी असल्याने तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येईल. आयोगाचे आर्थिक अधिकारक्षेत्र आणि शुल्क हे दोन्ही आपण मोजलेल्या तिकिटाच्या रकमेवर ठरतात, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि तिकिटाची रक्कम लहान असल्याने आपल्याला शुल्क पडणार नाही. फॉर्ममधील अट ‘अनुचित करार’ म्हणून रद्द करण्याची मागणी मात्र येथे करू नका. तो विषय राज्य आयोगाच्या कक्षेत येतो आणि त्या वादात आपले दिवस जातील. तक्रार सेवेतील त्रुटीपुरती ठेवा. पहिल्या दवाखान्याच्या केस पेपरची प्रत आणि पैसे भरल्याची मोबाइलवरील नोंद या आठवड्यातच मिळवा, कारण मसुदा लिहायला मला किमान चार दिवस लागतील.